गावातलं सात दिवसांचं शिबिर: रा.से.यो.च्या नव्या स्वयंसेवकांसाठी

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवलं की दोन आकडे लगेच कानावर पडतात: दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर. दरवर्षी १२० तास नियमित काम, शिवाय दोन वर्षांत एकदा शिबिर, एवढं पुरं केलं की प्रमाणपत्राला पात्र ठरता. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत समुदायाशी जोडलेल्या प्रकल्पांनाही श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यामुळे रा.से.यो.त नसलेले विद्यार्थीही गावात जाऊ लागले आहेत. पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

तास भरतातच. कस लागतो तो काम निवडताना. काम गावाला हवं असलं पाहिजे, पन्नास नवख्या स्वयंसेवकांनी पाच सकाळींत पुरं होणारं असलं पाहिजे आणि तुम्ही परत गेल्यावर गावाला स्वतःच्या बळावर सांभाळता आलं पाहिजे. यातली एक अट सुटली की शिबिर उत्साहात पार पडतं आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याची खूण उरत नाही. म्हणून या लेखात शिबिराच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

गाव आणि पहिल्या तीन भेटी

गाव कॉलेजपासून एसटीने तासाभरात गाठता येईल असं निवडा आणि किमान तीन वर्षं तेच ठेवा. दरवर्षी नवं गाव घेतलं की दरवर्षी ओळखीतच शिबिर संपतं. शिबिर डिसेंबर-जानेवारीत असेल तर पहिली भेट सप्टेंबरातच व्हायला हवी.

पहिली भेट ग्रामपंचायतीत. कॉलेजच्या लेटरहेडवर कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या (कॉलेजात रा.से.यो. सांभाळणाऱ्या प्राध्यापकांच्या) सहीचं पत्र न्या. सरपंच, ग्रामसेवक (आता हे पद ग्रामपंचायत अधिकारी म्हणून ओळखलं जातं) आणि शाळेचे मुख्याध्यापक या तिघांना भेटा, कारण जागा, पाणी आणि मुक्काम या तीन गोष्टी त्यांच्याच हातात असतात. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात गावाने केलेला आराखडा मागून घ्या आणि तिथंच बसून वाचा. त्यातलं जे काम मंजूर होऊन निधीतून होणार आहे ते तुम्ही करू नका. जे यादीत आहे पण पैशाअभावी अडलंय, त्यावर खूण करा.

दुसरी भेट पदाधिकाऱ्यांशिवाय आणि संध्याकाळी. शिवारफेरी करा. गावठाणाच्या चौकातून न सुरू करता सगळ्यात लांबच्या वस्तीपासून, तांड्यापासून किंवा पाड्यापासून सुरू करा. चौकातून निघालेली फेरी अंधार पडला की चौकाच्या आसपासच आटोपते आणि ज्यांच्यापर्यंत कोणी पोचत नाही ते पुन्हा राहून जातात. आशाताई, अंगणवाडीताई आणि बचत गटाच्या अध्यक्षा यांना कुठल्या घरात काय चाललंय याची जितकी माहिती असते, तितकी कुठल्याही दप्तरात नसते. त्यांच्याशी तासभर तरी बोला.

‘गावाच्या समस्या काय आहेत?’ हा प्रश्न टाळा. उत्तरं येतात रस्ता, नोकरी आणि मालाला भाव. ती खरीच असतात, पण पन्नास विद्यार्थी त्यांचं काही करू शकत नाहीत आणि तुम्ही उगाच आशा लावून येता. त्यापेक्षा हाताला लागतील असे प्रश्न विचारा. मोरीचं पाणी कुठं जातं? पावसाळ्यात कुठल्या बोळात चिखल होतो? हातपंपाला कुठल्या महिन्यापर्यंत पाणी असतं? ओढा कधी आटतो? मुलींना शाळेत कुठल्या वर्गापर्यंत पाठवतात, आणि पुढे का नाही?

तिसऱ्या भेटीत दोन-तीन शक्य कामं गावासमोर मांडा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा यासाठी सोयीची असते. काम ठरलं की त्याची नोंद इतिवृत्तात करून घ्या आणि त्यात तीन गोष्टी नावानिशी येऊ द्या: जागा कोण देणार, दगड-माती-ट्रॅक्टर कोण देणार आणि नंतर देखभाल कोण करणार. तिसरं नाव मिळत नसेल तर ते काम सोडून दुसरं घ्या.

गावात दोन गट असतात हे गृहीत धरा, निवडणूक जवळ आली असेल तर जास्तच. घरागणिक करायचं काम असेल तर घरं निवडण्याचा निकष आधीच जाहीर करा, उदाहरणार्थ ज्यांचं सांडपाणी थेट रस्त्यावर येतं ती घरं आधी. निकष सांगितला नाही तर पहिला खड्डा कोणाच्या दारात पडला यावरूनच गाव तुम्हाला एका बाजूचं ठरवतं.

आणि एक काम यादीतून आधीच काढून टाका: हिवाळी शिबिरातलं वृक्षारोपण. जानेवारीत लावलेल्या रोपाला जूनपर्यंत पाणी घालणारं कोणी नसेल तर ते एप्रिलच्या आत जातं. झाडं लावायचीच असतील तर मे महिन्यात खड्डे घ्या आणि चांगले दोन पाऊस झाल्यावर लावा. तेही जिथं जनावरांपासून कुंपण आहे तिथंच.

हातांचा हिशेब

कामाचा आकार ठरवताना ५० हा आकडा विसरा. पहिला दिवस पोचण्यात आणि उद्घाटनात जातो, सातवा समारोपात. उरल्या पाच सकाळी. रोज दहा जण स्वयंपाक आणि स्वच्छतेवर, चार-पाच जण आजारी, पाय मुरगळलेले किंवा सामान आणायला गेलेले. प्रत्यक्ष कामावर ३५ जण आणि तीन तास. म्हणजे अख्ख्या शिबिराचं श्रमदान सुमारे ५२५ तासांचं. त्यातही टिकाव पहिल्यांदाच हातात घेतलेला मुलगा वीस मिनिटांत दमतो.

३५ जणांना १० टिकाव, १० फावडी, २० घमेली आणि ४ पहारी पुरतात. प्रत्येकाला हत्यार दिलं तर गर्दी होते आणि इजा होतात. तिघांचा गट करा: एक खणतो, एक घमेलं भरतो, एक वाहतो, आणि दर पंधरा मिनिटांनी जागा बदलतात. टिकाव मारणाऱ्यापासून बाकीचे दोन मीटर लांब हवेत. रोज सकाळी प्रत्येक हत्याराचा दांडा हलवून पाहा. सैल असेल तर लाकडी पाचर ठोकून मगच वापरा, कारण सैल टिकावाचं पातं उडालं की ते समोरच्याच्या अंगावर येतं.

हाताला फोड येतात ते बहुतेक पहिल्या दिवशी, दांडा घट्ट आवळून धरल्याने. पहिल्या सकाळी निम्म्या वेगाने काम घ्या आणि सुती हातमोजे किंवा जुन्या कापडाच्या पट्ट्या वाटा. उत्साहाच्या भरात पहिल्या दिवशी चार तास खणणारा गट तिसऱ्या दिवशी बसून असतो.

स्वयंपाक मुलींकडे आणि खोदकाम मुलांकडे अशी वाटणी करू नका. दहा-दहा जणांचे मिश्र गट करा आणि रोजची कामं गटांमध्ये फिरवा. गाव हे पाहत असतं, आणि कुठल्याही व्याख्यानापेक्षा याचा परिणाम जास्त होतो.

शोषखड्डा

मोरीचं आणि भांडी घासल्याचं पाणी रस्त्यावर येणाऱ्या गावात शोषखड्ड्यासारखं दुसरं काम नाही. खर्च कमी, फरक लगेच दिसतो आणि देखभाल एका घराला जमते. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं आहे. पाच जणांच्या घरात २७५ लिटर पाणी आलं तर त्यातलं २०० लिटरच्या आसपास सांडपाणी होऊन बाहेर पडतं. पाणी चांगलं मुरणाऱ्या जमिनीत एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा एवढं पाणी पचवतो. दोन घरांचं पाणी एकाच खड्ड्यात सोडलं की तो तुंबतो.

जागा आधी पाहा. विहीर किंवा हातपंप किमान १५ मीटर लांब हवा आणि घराची भिंत तीन मीटर. पावसाचं पाणी साचतं तिथं खड्डा घेऊ नका. जिथं पावसाळ्यात भूजल हातभर खोलीवर येतं, म्हणजे कोकणातल्या खाजणाजवळच्या किंवा नदीकाठच्या वस्त्यांत, तिथं शोषखड्डा चालत नाही. खड्डा वर्षातले चार महिने खालूनच भरलेला राहतो.

मग माती तपासा. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि बहुतेक खड्डे त्यामुळेच निकामी होतात. खड्डा खणून झाल्यावर तळाशी फूटभर खोल छोटा खड्डा घ्या, रात्री पाण्याने भरून भिजू द्या, सकाळी पुन्हा वीतभर पाणी भरा आणि काडीवर खूण करून मोजा. तासात पाच सेंटिमीटरहून जास्त उतरलं तर जागा चांगली. अडीच सेंटिमीटरही उतरलं नाही तर ती सोडा. मुरमाड जमीन बहुधा पास होते. मराठवाडा आणि विदर्भातल्या खोल काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, माती फुगून भेगा बुजवते. अशा ठिकाणी हट्ट न करता सांडपाणी चरीतून परसबागेकडे वळवा. केळी, अळू आणि कर्दळ या पाण्यावर उत्तम वाढतात.

तिघांच्या गटाला मुरमाड जमिनीत एक खड्डा खणायला साधारण दोन सकाळी लागतात. खड्ड्यात एका वेळी एकालाच टिकाव मारता येतो, त्यामुळे माणसं वाढवून वेग वाढत नाही. दगडांचा हिशेब असा: एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८ घनमीटर. एका ब्रासात तीन खड्डे भरतात. पंधरा खड्डे ठरवले असतील तर पाच ब्रास दगड शिबिराच्या आधी गावात येऊन पडलेला हवा. ‘उद्या ट्रॉली येईल’ यावर विसंबलात तर तीन सकाळी रिकाम्या जातात.

भराई खालून वर अशी: तळाच्या तिसऱ्या हिश्श्यात १२ ते १५ सेंटिमीटरचे मोठे दगड, मधल्या हिश्श्यात मुठीएवढे, वरच्या हिश्श्यात खडी. दगड वरून ओतू नका, आत उतरून लावा, म्हणजे पोकळ्या राहतात. पाणी साठतं ते त्या पोकळ्यांतच. वर मधोमध तळाला भोकं पाडलेलं मडकं बसवा, त्यात नारळाच्या शेंड्या भरा आणि मोरीचा पाइप थेट मडक्यात सोडा. मडक्याचं तोंड झाकण्याजोगं ठेवा. बाकी खडीवर जुनी पोती किंवा प्लॅस्टिकचा कागद अंथरून वर वीतभर माती पसरा. कागद नसेल तर माती खडीत उतरते आणि पहिल्या पावसातच खड्डा बुजतो. उघडं पाणी कुठंही दिसता कामा नये, नाहीतर तुम्ही डासांची सोय करून आलात असं होईल.

मडक्यातल्या शेंड्या तेलकट चिकटा, केस, शितं आणि राख अडवतात. अजून बऱ्याच घरांत भांडी राखेने घासतात, आणि राख खड्ड्यात गेली तर दगडांमधल्या पोकळ्या सिमेंटसारखी बुजवते. म्हणून दर पंधरा दिवसांनी शेंड्या काढून धुवायच्या किंवा बदलायच्या. हे नुसतं तोंडी सांगू नका. घरातली जी व्यक्ती मोरी साफ करते तिच्याकडून तुमच्यासमोर एकदा करून घ्या. शौचालयाचं पाणी आणि गोठा धुतलेलं पाणी या खड्ड्यात कधीच सोडायचं नाही, हेही त्याच वेळी सांगा.

वनराई बंधारा

रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर घातलेल्या बांधाला, मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे, वनराई बंधारा हे नाव रूढ झालं. रा.से.यो.च्या शिबिरांचं हे आवडतं काम आहे, आणि सर्वाधिक वेळा चुकीच्या महिन्यात होणारंही हेच. बंधारा वाहतं पाणी अडवतो. पावसाळा संपून ओढ्याची धार मंदावलेली पण चालू असते, तो ऑक्टोबर-नोव्हेंबर हा खरा काळ. देशावरच्या बहुतेक ओढ्यांना जानेवारीत पाणीच नसतं, मग कोरड्या पात्रातला बंधारा फक्त फोटोत राहतो. कोकणात आणि घाटमाथ्याजवळ डिसेंबरातही धार मिळते. तुमचं शिबिर उशिरा असेल तर बंधारा नियमित १२० तासांतून दिवाळीच्या आसपासच्या दोन रविवारी बांधा आणि शिबिरात दुसरं काम घ्या.

जागा निवडायला कृषी सहायकांना (आता हे पद सहायक कृषी अधिकारी म्हणून ओळखलं जातं) सोबत न्या. पात्र अरुंद आणि काठ पक्के हवेत, वरच्या बाजूला पाणी पसरायला जागा हवी. खालच्या शेतकऱ्यांशीही बोला, त्यांची जनावरं त्याच धारेवर पाणी पीत असतील. साठलेल्या पाण्यावर मोटर टाकायची की नाही, हे गावाने बांधण्याआधी ठरवावं. नंतर ठरवायला गेलं की भांडणं होतात.

सहा मीटर रुंद पात्र आणि एक मीटर उंची धरू. दोनतृतीयांश भरून शिवलेलं पोतं जमिनीवर साधारण ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि १५ जाड बसतं. पोत्याची लांबी प्रवाहाच्या दिशेने ठेवायची, म्हणजे एका ओळीत १५ पोती लागतात आणि उंचीला सात थर. खालचे दोन थर तीन ओळींचे, मधले तीन थर दोन ओळींचे, वरचे दोन थर एका ओळीचे. ९० अधिक ९० अधिक ३०, म्हणजे २१०. फाटणारी आणि काठात जाणारी धरून २५० पोती, दहा-बारा दाभणं आणि सुतळीची पाच-सहा मोठी बंडलं जमवा. सिमेंटची रिकामी पोती आधी झटकून घ्या, झटकताना नाकातोंडाला फडकं बांधा.

भरलेलं पोतं ५० ते ६० किलोंचं होतं. ते दोघांनीच उचलायचं, गुडघे वाकवून. म्हणून पोती लांब भरून वाहून आणू नका, बंधाऱ्याच्या जागीच भरा. मात्र भरायची माती बंधाऱ्याच्या लगेच खालून काढू नका. तिथं खड्डा पडला की पाणी खालून पोखरतं आणि पहिल्या आठवड्यात बांध खचतो. काठावरची किंवा वरच्या बाजूची, थोडी चिकट माती घ्या.

पात्रातली सैल वाळू आणि गाळ हातभर काढून पक्का तळ गाठा. दोन्ही काठांत अर्धा मीटर आत खाचा घ्या आणि पोती त्या खाचांत घुसवा, कारण बंधारे बहुधा मधून न फुटता काठाच्या बाजूने फुटतात. विटांच्या बांधकामात जसे सांधे चुकवतात तसे पोत्यांचे चुकवा. फटींत चिखल ठासा. शिवलेली तोंडं प्रवाहाच्या खालच्या बाजूला ठेवा. पाण्याच्या बाजूने प्लॅस्टिकचा कागद तळापासून वरपर्यंत लावला तर गळती बरीच कमी होते. मधली दोन-तीन पोती एक थर कमी ठेवा. जास्तीचं पाणी तिथून सांडतं आणि काठ वाचतात. सांडलेलं पाणी पडतं तिथं मोठे दगड रचा.

मे महिन्यात बंधारा मोकळा करून पोती काढून आणणं हा याच कामाचा भाग आहे. सहा महिने उन्हात राहिलेली पोती ठिसूळ होऊन त्यांचे तुकडे होतात. जूनच्या पुरात ते तुकडे थेट खालच्या शेतात जातात. ही तारीख बंधारा बांधला त्याच दिवशी ठरवून ठेवा.

सर्वेक्षण

प्रश्नावली वीस प्रश्नांच्या वर नेऊ नका, पंधरा मिनिटांत संपली पाहिजे. ज्या उत्तराचं तुम्ही काही करणार नाही तो प्रश्न काढून टाका. जात, उत्पन्न, आधार क्रमांक, बँक खातं यांची बहुतेक शिबिरांना गरज नसते. कोण आहोत, माहिती कशासाठी हवी, ती कुठं जाणार हे दारातच सांगा आणि ‘नको’ म्हणायची मोकळीक द्या. आजारपणाबद्दल किंवा घरातल्या भांडणाबद्दल कळलेलं रात्रीच्या गप्पांत येऊ देऊ नका. फोटो विचारूनच काढा, लहान मुलांचे पालकांना विचारून.

वेळ फार महत्त्वाची. कापूस वेचणी किंवा ऊसतोड चालू असताना सकाळी अकराला घरी फक्त म्हातारी माणसं भेटतात. संध्याकाळी साडेपाचनंतर जा. बीडसारख्या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हिवाळी शिबिरातल्या सर्वेक्षणात ही घरं कुलूपबंदच दिसतात. त्यांना ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहून पुढे जाऊ नका, वेगळी यादी करा आणि मे महिन्यात ती घरं पुन्हा करा. आरोग्य आणि शिक्षणाचे सगळ्यात अवघड प्रश्न त्याच घरांत असतात.

सेवा अभ्यासाशी जोडायची ती इथं. सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी पिण्याच्या पाण्याचे नमुने एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीच्या कुपीत तपासू शकतात. पाणी २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर स्रोत दूषित असल्याचा इशारा मिळतो, आणि प्रयोगशाळेत पक्की तपासणी करायला ग्रामपंचायतीला सांगता येतं. वाणिज्यचे विद्यार्थी बचत गटाच्या हिशेबाच्या वह्या लावून देऊ शकतात, भूगोलाचे गावाचा पाणवठ्यांचा नकाशा करू शकतात. शेवटच्या रात्री सगळी आकडेवारी साध्या मराठीत एका मोठ्या कागदावर मांडून गावाला वाचून दाखवा आणि प्रत ग्रामपंचायतीत द्या. गावाकडून घेतलेली माहिती फक्त कॉलेजच्या अहवालात राहणं हा गावावर अन्याय आहे.

राहणं, जेवण आणि जिवाची काळजी

शाळा किंवा समाजमंदिर मुक्कामाला मिळतं. मुलींची खोली आतून कडी लागणारी, दिवा असलेली आणि स्वच्छतागृहाजवळची हवी, सोबत प्राध्यापिका मुक्कामाला हव्यात. वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा आणि कागद ठेवा, विल्हेवाट आधी ठरवा. पालकांचं संमतिपत्र, रक्तगट, ॲलर्जी आणि चालू औषधांची यादी कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे छापील स्वरूपात असू द्या.

साठ जणांच्या स्वयंपाकाचा अंदाज: नाश्त्याला ५ किलो पोहे, जेवणाला एका वेळी ६ किलो कणीक (माणशी तीन पोळ्या), ५ किलो तांदूळ, अडीच किलो तूरडाळ, ७ किलो भाजी, चहाला प्रत्येक वेळी ३ लिटर दूध. पिण्याला रोज २४० लिटर पाणी धरा, उकळून किंवा आशाताईंना विचारून क्लोरीन घालून. आंघोळीला दीड हजार लिटर लागतं. गावात टंचाई असेल तर एक दिवसाआड आंघोळ करा, गावाच्या टाकीवर भार टाकू नका.

विहिरीत आणि शेततळ्यात कोणीही उतरायचं नाही, पट्टीचा पोहणाराही नाही. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद शेवाळाने निसरडा झालेला असतो, आत गेलेल्याला वर चढता येत नाही आणि काढायला गेलेलाही आत जातो. या नियमाला अपवाद ठेवू नका.

दगड हलवताना आधी पहारीने उलटवा, मग हात घाला. खाली विंचू असतो. साप चावला तर पट्टी आवळू नका, कापू नका, चोखू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता १०८ ला फोन करा आणि सापाची लस असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. ते कुठलं, आणि रात्री तिथं डॉक्टर असतात का, हे शिबिराआधीच प्रत्यक्ष जाऊन विचारून या. रक्तदान शिबिर ठेवायचं असेल तर ते श्रमदानाच्या सकाळी नको, समारोपाच्या आदल्या संध्याकाळी ठेवा आणि रक्त दिलेल्यांना दुसऱ्या दिवशी खोदकाम देऊ नका.

शिबिर संपल्यावर

समारोपाच्या दिवशी ग्रामपंचायतीला एक वही द्या. त्यात प्रत्येक शोषखड्ड्याचा क्रमांक, घर, तारीख आणि मडकं कोण साफ करणार ते लिहा. बंधारा असेल तर तो मोकळा करायची तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव. उसनी घेतलेली घमेली, भांडी, सतरंज्या मोजून परत करा. शाळेच्या खोल्या सारवून किंवा धुऊन द्या.

नंतर तीन फेऱ्या करा, प्रत्येकीला पाच-सहा जण पुरेत. पहिली महिन्याभराने: प्रत्येक मडक्यात हात घालून शेंड्या पाहा. त्या गच्च तेलकट असतील तर साफसफाई होत नाही, घरच्यांसोबत बसून कारण समजून घ्या. बऱ्याचदा शेंड्या मिळत नाहीत एवढंच कारण असतं, आणि त्यावर काथ्याचा किंवा तुराट्यांचा उपाय निघतो. दुसरी फेरी मे महिन्यात, पोती काढायला आणि परतलेल्या कुटुंबांच्या सर्वेक्षणाला. तिसरी जुलैमध्ये, चांगला पाऊस झाल्यावर: कुठला खड्डा पाणी घेत नाही, कुठं कागद फाटून माती आत गेली, ते नोंदवा. या फेऱ्यांचे तास नियमित १२० तासांत धरता येतात का, ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारून घ्या.

स्वतःच्या डायरीत रोज तारीख, काम, तास आणि त्या दिवशी काय बिघडलं ते लिहा. ‘गावात जनजागृती केली’ असली वाक्यं टाळा. ‘पाच खड्डे खणले, क्रमांक चारला पाणी मुरेना, जागा बदलली’ असं लिहा. जुलैच्या फेरीतली नोंद सप्टेंबरात नव्या गटप्रमुखाच्या हातात द्या आणि पहिल्या ग्रामपंचायत भेटीला त्याच्यासोबत स्वतः जा.